अनोळखी दात्याचा शोध : रक्त-मूलपेशी प्रत्यारोपणातील जनुकीय जुळणीचा इतिहास

प्रास्ताविक

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात शोध आणि शोधक यांना मानाचे पान मिळते. नोंदवह्यांना ते क्वचितच मिळते. शस्त्रक्रिया, औषधे, लसी यांचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे. परंतु एखादी उपचारपद्धती प्रयोगशाळेत सिद्ध झाल्यानंतरही, समाजाने तिच्यासाठी स्वतंत्र व्यवस्था उभारली नाही तर ती निरुपयोगी ठरते, या बाबीकडे इतिहासकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचे, म्हणजे सर्वसामान्य भाषेत अस्थिमज्जेचे, प्रत्यारोपण हे याचे बोलके उदाहरण होय. येथे रुग्णाला वाचवणारी वस्तू कारखान्यात तयार होत नाही. ती दुसऱ्या जिवंत माणसाच्या हाडांत असते, आणि तो माणूस रुग्णाचा नातेवाईक असेलच असे नाही.

रक्ताचा कर्करोग, अप्लास्टिक ॲनिमिया, थॅलसेमिया, जन्मजात प्रतिकारशक्तीचा अभाव अशा आजारांत रुग्णाची निकामी मज्जा नष्ट करून तिच्या जागी निरोगी दात्याच्या मूलपेशी रुजवल्या जातात. त्या रुजण्यासाठी दाता आणि रुग्ण यांच्या पेशींवरील विशिष्ट जनुकीय खुणा जुळाव्या लागतात. सख्ख्या भावंडांत ही जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. रुग्णाला एकच भावंड असेल तर शक्यता २५ टक्के, दोन असतील तर सुमारे ४४ टक्के. कुटुंबे लहान होत गेलेल्या समाजांत बहुसंख्य रुग्णांना घरात दाता मिळत नाही, हे या साध्या गणितावरूनच स्पष्ट होते. उरलेल्यांनी कोणाकडे पाहावयाचे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कसा उभा राहिला आणि त्याची उत्तरे कोणी, कोणासाठी शोधली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अणुयुगाची छाया

या इतिहासाचा प्रारंभ रुग्णालयात नव्हे, तर अणुबाँबच्या छायेत झाला. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकी येथे स्फोटातून वाचलेली अनेक माणसे पुढील काही आठवड्यांत रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने दगावली. किरणोत्सर्गाने त्यांची मज्जा नष्ट झाली होती. १९४९ साली शिकागो येथे लिऑन जेकबसन यांनी उंदरांची प्लीहा शिशाच्या आवरणाने झाकून त्यांना प्राणघातक किरणोत्सर्ग दिला, तेव्हा ते उंदीर वाचले. १९५१ साली इगॉन लॉरेन्झ आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सर्ग दिलेल्या प्राण्यांना निरोगी मज्जा टोचून वाचवले. हा परिणाम मज्जेतील एखाद्या रसायनाचा की प्रत्यक्ष पेशींचा, यावर काही वर्षे वाद चालला. १९५६ साली ब्रिटनमधील हारवेल येथील संशोधकांनी ओळखखूण असलेल्या गुणसूत्राच्या साहाय्याने दात्याच्या पेशीच रुग्ण-प्राण्यात रुजतात हे दाखवून दिले आणि तो वाद मिटला.

१९५७ साली ई. डॉनल थॉमस यांनी न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथे सहा रुग्णांना शिरेतून मज्जा दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील एकही रुग्ण फार काळ जगला नाही. मात्र मानवी मज्जा शिरेतून सुरक्षितपणे देता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

याच्या पुढच्याच वर्षी अनोळखी दाता या संकल्पनेने इतिहासात पहिले पाऊल टाकले. ऑक्टोबर १९५८ मध्ये तत्कालीन युगोस्लाव्हियातील विंचा येथील अणुसंशोधन संस्थेत अपघात झाला आणि सहा जणांना तीव्र किरणोत्सर्ग झाला. त्यांना पॅरिसला हलवण्यात आले. तेथे जॉर्ज माते यांनी त्यांपैकी पाच जणांना फ्रेंच स्वयंसेवकांची मज्जा दिली. परक्या देशातील, परक्या भाषेतील, ज्यांचे तोंडही पूर्वी पाहिले नव्हते अशा माणसांसाठी या स्वयंसेवकांनी आपल्या हाडांत सुया टोचून घेतल्या. चौघे वाचले. परंतु दात्यांची मज्जा त्यांच्यात कायमची रुजली नव्हती; काही काळाने त्यांची स्वतःचीच मज्जा सावरली. त्यांचा जीव नेमका कशाने वाचला हा प्रश्न म्हणूनच वादग्रस्त राहिला. तथापि जुळणीच्या इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय बाब वेगळीच आहे. या दात्यांची निवड करताना डॉक्टरांच्या हाती केवळ रक्तगटांचा आधार होता, आणि या कामी रक्तगट जवळजवळ निरुपयोगी होता.

ही गोष्ट सामान्य समजुतीच्या विरुद्ध जाणारी आहे. रक्त चढवताना ए, बी, ओ हे गट काटेकोरपणे पाहावे लागतात. मुंबईतच १९५२ साली य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ या नावाने जगभर ओळखला जाणारा दुर्मिळ रक्तगट उजेडात आणला. अशा व्यक्तीला नेहमीच्या ओ गटाचे रक्तदेखील चालत नाही. मूलपेशींच्या प्रत्यारोपणात मात्र रक्तगट भिन्न असला तरी अडत नाही. उलट प्रत्यारोपण यशस्वी झाल्यावर रुग्णाचाच रक्तगट बदलतो आणि तो दात्याचा होतो. जुळावे लागते ते लाल पेशींवर नव्हे, तर पांढऱ्या पेशींवर आणि शरीरातील बहुतेक सर्व पेशींवर असलेले काहीतरी. ते काय आहे, हे १९५८ साली कोणालाही पूर्णपणे ठाऊक नव्हते.

मातांच्या रक्तातील पुरावा

योगायोग असा की, ज्या वर्षी विंचाचे रुग्ण पॅरिसमध्ये होते त्याच वर्षी, आणि त्याच शहरात, ज्याँ दोसे यांनी पांढऱ्या पेशींवरील पहिल्या मानवी प्रतिजनाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यास त्यांनी ‘मॅक’ असे नाव दिले. आज तो एचएलए-ए२ म्हणून ओळखला जातो. वारंवार रक्त घेतलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवात परक्या पांढऱ्या पेशींना गोळा करणारी प्रतिपिंडे आढळतात, हे त्यांच्या निरीक्षणाचे मूळ होते.

त्याच वर्षी नेदरलँड्समधील लायडन येथे यॉन फान रूड आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे रोझ पेन यांनी स्वतंत्रपणे एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. ज्यांना कधी रक्त चढवलेले नाही, परंतु ज्यांची बाळंतपणे झाली आहेत, अशा स्त्रियांच्या रक्तातही तशीच प्रतिपिंडे असतात. गर्भ हा निम्मा पित्याचा असतो. त्याच्या पेशींवरील पित्याकडून आलेल्या खुणांची ओळख मातेच्या शरीराला पटते आणि ती प्रतिपिंडांच्या रूपाने वर्षानुवर्षे शिल्लक राहते. पुढील सुमारे तीन दशके जगभरातील प्रयोगशाळांनी माणसामाणसांतील जुळणी तपासण्यासाठी जे द्रव्य वापरले, ते मुख्यतः अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तातून आलेले होते. या मातांची नावे कोणत्याही सन्मानयादीत नाहीत. १९८० सालचे नोबेल पारितोषिक दोसे यांना जॉर्ज स्नेल आणि बारुज बेनासेराफ यांच्यासमवेत मिळाले; फान रूड आणि पेन त्यात नव्हते, याविषयी या विषयाच्या अभ्यासकांत आजही हळहळ व्यक्त होते आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही.

फान रूड यांचे कार्य आणखी एका कारणाने वेगळे ठरते. अनेक स्त्रियांच्या रक्तद्रवांची अनेक व्यक्तींच्या पेशींशी होणारी प्रतिक्रिया म्हणजे आकड्यांचे जंगल होते. १९६२ साली त्यांनी संगणकाच्या मदतीने त्यातून सुसंगत गट वेगळे काढले. रुग्ण आणि दाता यांची सांगड संगणकाने घालण्याची जी व्यवस्था पुढे जगभर पसरली, तिचे बीज या विश्लेषणात दिसते.

१९६४ साली लॉस एंजेलिस येथे पॉल तेरासाकी आणि जॉन मॅक्लेलंड यांनी अत्यल्प रक्तद्रवात होणारी सूक्ष्म चाचणी विकसित केली. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना छावण्यांत डांबण्यात आले, त्यांत बालवयातील तेरासाकी आणि त्यांचे कुटुंबही होते. वंशावरून संशयित ठरवल्या गेलेल्या या मुलाने पुढे माणसांमधील जैविक भेद मोजण्याचे सर्वमान्य साधन घडवले, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाला विचारात पाडणारी आहे. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात बर्नार्ड एमॉस यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय कार्यशाळांची परंपरा सुरू झाली. तेथे निरनिराळ्या देशांतील संशोधक आपापले रक्तद्रव घेऊन एकत्र येत आणि एकाच नमुन्यावर चाचण्या करीत. प्रारंभी निष्कर्ष एकमेकांशी जुळत नसत. १९६७ साली तुरीन येथे रुजेरो चेपेलिनी यांनी कुटुंबांचा अभ्यास मांडल्यानंतर, हे सर्व प्रतिजन एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेल्या जनुकांचे असून ते आईकडून एक व वडिलांकडून एक अशा संचांनी येतात, हे निर्विवाद झाले. या संचासाठी ‘हॅप्लोटाइप’ ही संज्ञा त्यांनीच रूढ केली. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने नामकरणाची सामाईक पद्धत ठरवली. ही जनुके सहाव्या गुणसूत्रावर आहेत, हे पुढे सिद्ध झाले.

हा पाया तयार होताच परिणाम दिसू लागला. १९६८ साली मिनेसोटा विद्यापीठात रॉबर्ट गुड यांनी प्रतिकारशक्तीविना जन्मलेल्या एका बालकाला जुळणाऱ्या बहिणीची मज्जा दिली आणि ते बालक वाचले. त्यापूर्वीचे चित्र किती निराशाजनक होते याची कल्पना मॉर्टिमर बॉर्टिन यांनी १९७० साली केलेल्या संकलनावरून येते. तोवर नोंदल्या गेलेल्या सुमारे दोनशे प्रत्यारोपणांत यश अगदी नगण्य होते. बहुतेक संशोधकांनी मानवी प्रत्यारोपणाचा नाद सोडून दिला होता. थॉमस आणि सिॲटलमधील त्यांचे सहकारी तेवढे कुत्र्यांवर प्रयोग करीत राहिले आणि जुळणी असलेली भावंडे निवडल्यास प्रत्यारोपण टिकते हे त्यांनी दाखवले. थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

नोंदवहीचा जन्म

भावंड जुळत नसेल तर? १९७३ साली या प्रश्नाला दोन ठिकाणी उत्तर मिळाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर बालरुग्णालयात एका मुलाला नात्यात नसलेल्या दात्याची मज्जा देण्यात आली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात प्रतिकारशक्तीचा अभाव असलेल्या एका बालकासाठी कोपेनहेगनच्या रक्तपेढीतून डेन्मार्कमधील दाता शोधण्यात आला. मज्जा रुजण्यासाठी ती अनेकदा द्यावी लागली. ‘जगातील पहिले’ हा मान दोन्ही ठिकाणांना दिला जातो. या अग्रक्रमाच्या वादात फारसे तथ्य नाही. दोन्ही घटनांमध्ये दाता सापडला तो दैवयोगाने, कारण शोधण्याची व्यवस्थाच अस्तित्वात नव्हती. लायडनमध्ये फान रूड यांनी १९७० पासून ‘युरोपडोनर’ या नावाने तसा प्रयत्न आरंभला होता, पण त्याची व्याप्ती मर्यादित होती.

व्यवस्था उभी केली ती एका आईने. ऑस्ट्रेलियात १९७१ साली जन्मलेल्या अँथनी नोलन या मुलाला विस्कॉट-ऑल्ड्रिच नावाचा दुर्मिळ आनुवंशिक विकार होता. वेस्टमिन्स्टर येथील यशाची वार्ता ऐकून त्याची आई शर्ली नोलन त्याला घेऊन लंडनला आली. कुटुंबात कोणीही जुळत नव्हते. १९७४ साली तिने त्याच रुग्णालयात स्वयंसेवी दात्यांची नोंदवही सुरू करवली. तिची मांडणी साधी होती. दाता आजारपण आल्यावर शोधावयाचा नाही. हजारो निरोगी माणसांची तपासणी आधीच करून ठेवावयाची, म्हणजे रुग्णाचे नाव आले की नोंदवही उघडता येईल. त्या काळातील अनेक वैद्यकीय अधिकाऱ्यांना हे अव्यवहार्य वाटले. एका मुलासाठी सबंध देशाचे रक्त तपासणे हा भावनेचा अतिरेक आहे, असा त्यांचा सूर होता. प्रत्यक्षात ही नोंदवही त्या मुलापेक्षा अधिक काळ टिकली. अँथनीला जुळणारा दाता कधीच मिळाला नाही. १९७९ साली, वयाच्या आठव्या वर्षात, तो मृत्यू पावला. त्याच्या नावाची संस्था आजही कार्यरत आहे, आणि एचएलए जनुकांच्या सर्व ज्ञात रूपांची जागतिक सूची ठेवण्याचे कामही तिच्याच संशोधन विभागाशी निगडित आहे.

अमेरिकेतील कथा त्याच वर्षी सुरू झाली. कोलोरॅडोतील एका पशुवैद्यकाच्या दहा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग होता. सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात तिला नात्यात नसलेल्या दात्याची मज्जा देण्यात आली. हा दाता त्याच केंद्रातील प्रयोगशाळेत काम करणारी एक व्यक्ती होती. कामाच्या निमित्ताने तिची तपासणी आधीच झालेली असल्याने जुळणी लक्षात आली. प्रत्यारोपण रुजले, पण सुमारे दोन वर्षांनी मूळ आजार उलटला आणि मुलगी गेली. तिच्या वडिलांनी राष्ट्रीय नोंदणीसाठी अमेरिकी काँग्रेसकडे पाठपुरावा केला. निरोगी माणसाला परक्यासाठी भूल देणे नैतिक आहे काय, हा आक्षेप तेव्हा गांभीर्याने घेतला जात होता, आणि आरोग्य-संशोधनाच्या शासकीय यंत्रणा या योजनेस अनुकूल नव्हत्या. अखेर निधी आला तो नौदलाकडून. अणुयुद्धात किंवा अपघातात किरणोत्सर्ग झालेल्या सैनिकांसाठी दाते लागतील, हा नौदलाचा हेतू होता. १९८६ साली राष्ट्रीय मज्जादाता कार्यक्रम स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी त्याचे कामकाज सुरू झाले. त्याच १९८६ साली चेर्नोबिल दुर्घटनेतील तेरा जणांना नातेवाइकांची मज्जा देण्यात आली, पण दोघेच वाचले. भाजणे आणि अन्य इजांपुढे प्रत्यारोपणाची मात्रा चालली नाही. नौदलाची मूळ गरज कधी फारशी उद्भवली नाही. तिच्या नावावर उभारलेल्या नोंदणीचा लाभ हजारो नागरी रुग्णांना झाला.

एका देशाची नोंदवही पुरेशी नाही, हे लवकरच कळून चुकले. १९८८ साली फान रूड यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या नोंदण्यांची सामाईक यादी करण्याचे ठरले. फेब्रुवारी १९८९ मध्ये निघालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीत आठ नोंदण्यांतील सुमारे १,५५,००० दाते होते. त्यानंतर १९९१ साली जर्मनीत आणि जपानमध्ये, १९९३ साली तैवानमध्ये नोंदण्या उभ्या राहिल्या. आज या जागतिक यादीत चार कोटींहून अधिक दाते आहेत.

‘जुळणी’ म्हणजे काय?

दात्यांची संख्या वाढत असतानाच जुळणी या शब्दाचा अर्थ बदलत होता, आणि या इतिहासातील सर्वांत नाट्यमय भाग हाच आहे. मातांच्या रक्तद्रवावर आधारित चाचणी पेशीच्या पृष्ठभागाचे ढोबळ रूप ओळखत असे. दोन व्यक्ती ए२ ठरल्या की त्या जुळल्या, असे मानले जाई. परंतु अशा काटेकोर जुळणीनंतरही अनोळखी दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर हल्ला करीत. ज्याला वैद्यकीय भाषेत ‘ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट’ आजार म्हणतात, तो भावंडांच्या तुलनेत अनोळखी दात्यांत अधिक आढळे. कागदावर सारखे असलेले हे दोघे कोठेतरी भिन्न होते.

ते ‘कोठे’ याचे उत्तर दोन दिशांनी आले. १९७४ साली रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी प्रतिकारक पेशी विषाणूला या स्वकीय खुणांच्या संदर्भातच ओळखतात हे दाखवले. १९८७ साली पामेला ब्योर्कमन, जॅक स्ट्रॉमिंजर आणि डॉन वायली यांच्या गटाने एचएलए-ए२ रेणूची त्रिमितीय रचना उलगडली. त्याच्या वरच्या भागात एक खाच आहे. रोगजंतूंचे तुकडे तीत ठेवून ते प्रतिकारक पेशींपुढे मांडले जातात. माणसामाणसांतील फरक मुख्यतः या खाचेतच एकवटलेले आहेत. निरनिराळ्या खाचांमुळे निरनिराळे रोगजंतू ओळखले जातात, म्हणून समाज एकाच साथीने नष्ट होत नाही. समाजाला तारणारी हीच विविधता एकट्या रुग्णाच्या आड येते.

दुसरी दिशा तंत्रज्ञानाची. १९८०च्या दशकात डीएनएचा इष्ट तुकडा असंख्य पटींनी वाढवण्याची पीसीआर पद्धती आली आणि पुढील दहा वर्षांत एचएलए प्रयोगशाळांनी रक्तद्रव बाजूला ठेवून थेट जनुक वाचावयास सुरुवात केली. तेव्हा ज्याला एक ए२ समजले जात होते, त्याची अनेक रूपे निघाली. आज त्यांची संख्या हजाराच्या पुढे आहे. १९९८ साली ताकेहिको सासाझुकी आणि सहकाऱ्यांनी जपानमधील जुन्या प्रत्यारोपणांतील दाते व रुग्ण यांचे डीएनए पुन्हा तपासले. पूर्वी पूर्ण जुळलेल्या म्हणून नोंदलेल्या अनेक जोड्या जनुकीय पातळीवर जुळलेल्या नव्हत्या आणि या न दिसलेल्या विजोडाचा परिणाम रुग्णांच्या आयुर्मानावर झाला होता. २००७ साली अमेरिकेत स्टेफनी ली आणि सहकाऱ्यांनी १९८८ ते २००३ या काळातील ३,८५७ प्रत्यारोपणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ए, बी, सी आणि डीआर या चार जनुकांच्या आठही प्रती जुळल्यास एका वर्षाने ५२ टक्के रुग्ण जिवंत होते. एक प्रत विजोड असल्यास ४३ टक्के आणि दोन असल्यास ३३ टक्के. एका अक्षराच्या चुकीची किंमत इतक्या स्वच्छ आकड्यांत इतिहासात फार थोड्या ठिकाणी नोंदली गेली असेल. हे अभ्यास शक्य झाले, कारण नोंदणी संस्थांनी दाता आणि रुग्ण यांचे नमुने वर्षानुवर्षे जपून ठेवले होते. निरुपयोगी वाटणाऱ्या दप्तराची राखण म्हणजे काय, हे इतिहासाच्या अभ्यासकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

कोणाला दाता मिळतो?

एचएलए जनुके सुटी सुटी वारशाने येत नाहीत, संचाने येतात. आणि विशिष्ट संच विशिष्ट समूहांत वारंवार आढळतात. उत्तर-पश्चिम युरोपीय वंशात ए१-बी८-डीआर३ हा संच सर्वपरिचित आहे. भारतात बी८-डीआर३ ची जोडी बहुधा ए१ ऐवजी ए२६ बरोबर आढळते. भारतीय रुग्णाने जर्मन नोंदवही उघडली तर तिच्यातील लक्षावधी नावे त्याच्या फारशी उपयोगी का पडत नाहीत, हे या एका उदाहरणावरून कळते. अमेरिकेतील नोंदणीवर आधारित २०१४ सालच्या अभ्यासानुसार युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के होती, तर दक्षिण वा मध्य अमेरिकी मूळ असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णाला ती १६ टक्केच होती. याचे कारण केवळ जैविक नाही. आफ्रिकी वंशात जनुकीय विविधता अधिक आहे हे खरे. पण नोंदवह्या ज्या रक्तपेढ्यांच्या आधारे वाढल्या, तेथे येणारे दाते प्रामुख्याने गोरे होते, हेही तितकेच खरे आहे. २००७ साली कॅलिफोर्नियात रक्ताचा कर्करोग झालेल्या भारतीय वंशाच्या दोन तरुणांच्या मित्रांनी मोहीम काढून अकरा आठवड्यांत २४ हजारांहून अधिक दक्षिण आशियाई व्यक्तींची नोंद करवून घेतली. दोघांनाही दाते मिळाले. दोघेही पुढील वर्षी निवर्तले. त्या मोहिमेत नोंदलेली नावे मात्र इतर रुग्णांसाठी मागे राहिली.

भारताचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात अंतर्विवाह हेच जातिसंस्थेचे मूळ लक्षण असल्याचे प्रतिपादन केले होते. इरावती कर्वे आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी १९६८ साली महाराष्ट्रातील आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. एका वर्णनामाखाली येणारे हे गट एकाच मूळ समूहाचे तुकडे असल्याचे मानता येत नाही, या कर्वे यांच्या प्रतिपादनाला तिचा आधार होता. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील कुमारसामी थंगराज, लालजी सिंग आणि अमेरिकेतील डेव्हिड राइश यांच्या २००९ व २०१३ सालच्या संशोधनाने याला डीएनएचा आधार दिला. भारतात व्यापक मिश्रण झाले, पण सुमारे १,९०० वर्षांपूर्वी ते मंदावले आणि बेटीव्यवहाराच्या मर्यादा घट्ट झाल्या. लग्नाच्या पत्रिकेत छत्तीस गुण जुळवणाऱ्या समाजाने, जातीबाहेर न जाण्याचा आग्रह धरून, वैद्यकीय जुळणीसाठी किती लहान लहान कप्पे करून ठेवले आहेत हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. एकशे चाळीस कोटींच्या देशात दात्यांचा तुटवडा नसावा, असा समज होतो. परंतु कप्पे हजारो असल्यामुळे प्रत्येक कप्प्यातून पुरेसे दाते नोंदल्याशिवाय त्या लोकसंख्येचा लाभ होत नाही. शहरी, सुशिक्षित, नोकरदार वर्गातून भरलेली नोंदवही त्याच वर्गाच्या रुग्णांना अधिक उपयोगी पडणार, हे उघड आहे. आदिवासी आणि भटक्या समाजांतील थॅलसेमियाग्रस्त किंवा सिकलसेलग्रस्त मुलांसाठी तीत काय आहे, हा प्रश्न अद्याप पुरेशा गांभीर्याने विचारला गेलेला नाही.

भारतातील वाटचाल

भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या नेतृत्वाखाली झाले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी होती आणि दाता तिचा भाऊ. १९८६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. मॅमेन चंडी यांनी हे काम वाढवले. ही सारी उपचारपद्धती प्रदीर्घ काळ भावंडांच्या आधारावरच चालली. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नरिंदर मेहरा यांच्या प्रयोगशाळेने भारतीयांच्या एचएलए संचांचा अभ्यास केला आणि १९९०च्या दशकात दात्यांची एक नोंदणी आरंभली, पण ती मोठी होऊ शकली नाही. २००९ साली चेन्नईत ‘दात्री’ स्थापन झाली. मुंबईत ‘मॅरो डोनर रजिस्ट्री इंडिया’ आणि पुढे बंगळूरमध्ये जर्मन संस्थेच्या सहकार्याने ‘डीकेएमएस-बीएमएसटी’ या संस्था कार्य करू लागल्या. आता नोंदणीसाठी रक्त काढण्याचीही गरज नसते; गालाच्या आतील बाजूने कापसाचा बोळा फिरवला तरी पुरते. मूलपेशी देण्याची रीतही बहुतांशी बदलली आहे. पाच दिवस इंजेक्शने देऊन मूलपेशी रक्तप्रवाहात आणल्या जातात आणि यंत्राद्वारे त्या वेगळ्या काढल्या जातात. हाडातून मज्जा काढण्याची वेळ पूर्वीच्या तुलनेने कमी येते.

दरम्यान प्रश्नाचे स्वरूपच पालटण्याची चिन्हे दिसतात. जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी प्रत्यारोपणानंतर विशिष्ट दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देऊन केवळ निम्मी जुळणी असलेल्या आई, वडील किंवा अपत्य यांच्या पेशी रुजवण्याची पद्धती २००८ च्या सुमारास प्रस्थापित केली. औषध स्वस्त आहे आणि आई जवळपास नेहमीच उपलब्ध असते. त्यामुळे भारतीय रुग्णालयांत ही पद्धती झपाट्याने स्वीकारली गेली. नोंदण्यांची आवश्यकता संपली, असा निष्कर्ष काही जण त्यावरून काढतात. तो घाईचा आहे. तेच औषध अपूर्ण जुळणीच्या अनोळखी दात्यांबाबतही उपयुक्त ठरत असल्याने, छोट्या नोंदवहीचेही मूल्य उलट वाढले आहे.

थॅलसेमियाग्रस्त मुलांच्या प्रत्यारोपणास अर्थसाहाय्य देणारी योजना कोल इंडियाच्या निधीतून आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सहभागाने २०१७ साली सुरू झाली. एका मुलामागे दहा लाख रुपयांपर्यंत मदत देणाऱ्या या योजनेची मूळ आखणी जुळणाऱ्या कौटुंबिक दात्याला धरून होती. ज्यांना असा दाता नाही, त्यांचे पालक महाविद्यालयांत, कार्यालयांत, गणेशोत्सवाच्या मंडपांत नोंदणीची शिबिरे भरवण्यासाठी परवानगी मागत फिरतात. नोंद केलेल्या तरुणाला बोलावणे येते ते कधी काही वर्षांनी, आणि कधी येतच नाही. तोवर त्याचा पत्ता बदललेला असतो, दूरध्वनी क्रमांक बदललेला असतो, लग्न झालेले असते. संस्थेचा कर्मचारी त्याला शोधून काढतो, आठवण करून देतो, आणि मग घरातील वडीलधाऱ्यांना हाडातून काय काढतात, अशक्तपणा येतो काय, पुढे मुले होतील ना, या प्रश्नांची उत्तरे द्यावयास बसतो.